ऑर्गनवाल्याचा उजवा पाय

अण्णा गेल्याची बातमी मला शाळेत कळली. तिसरीच्या मुलींना भागाकार शिकवत होते, तेवढ्यात शेजारच्यांचा गडी वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला. एरवी तोंडाचा पट्टा चालू असणारा हा माणूस डोक्याचं मुंडासं काढून हातात धरून गप्प उभा राहिला, तेव्हाच मी समजले. सकाळी निघताना अण्णाने चहात गूळ जास्त पडल्याबद्दल माझा उद्धार केला होता, आणि तेच त्याचं माझ्याशी शेवटचं बोलणं. दुसऱ्या कोणाच्या भावाने निदान त्या दिवशी तरी बहिणीच्या डोक्यावरून हात फिरवला असता. आमच्या अण्णाला तसं काही सुचणं शक्यच नव्हतं. घरी पोचले तर तो आरामखुर्चीत बसल्या जागी गेलेला, आणि कपातला चहा मात्र सगळा प्यालेला.

दुपारपर्यंत ओसरी माणसांनी भरली. ह्या गावाला दुसऱ्याच्या घरी रडायला जायची मोठी हौस. हयातीत ज्यांनी त्याला ‘पेटीवाला’ ह्यापलीकडे नाव दिलं नाही, ते डोळ्यांना उपरणं लावून बसले होते. आणि सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य, काय हात होते हो त्यांचे! नानासाहेब वकील तर चार वेळा म्हणाले. कोणी म्हणालं, बोटांवर सरस्वती नाचत असे. कोणी म्हणालं, ते हात जपून ठेवायला हवे होते. म्हणजे कसे, ते त्यांनी सांगितलं नाही... पंधरवडा उलटला तरी मला हातांखेरीज दुसरं काही ऐकायला मिळालेलं नाही. आता ह्या साप्ताहिकाच्या संपादकांनी ‘भावपूर्ण असे दोन शब्द’ मागितले आहेत. भावपूर्ण लिहायची मला सवय नाही. जे होतं ते लिहिते, छापायचं तर छापावं.

वाचकांपैकी ज्यांनी ऑर्गन जवळून पाहिला नसेल (आणि गावातल्या जाणकारांनी तो पाहूनही पाहिलेला नाही), त्यांच्यासाठी आधी सांगते. पेटीचा भाता हाताने मारतात. ऑर्गनचा भाता खाली असतो आणि तो दोन्ही पायांनी मारावा लागतो, त्यासाठी खाली दोन रुंद पट्ट्या असतात. एक पाय खाली, एक वर, असं गाणं संपेपर्यंत चालू. शिवाय उजव्या गुडघ्याजवळ एक दांडी असते. ती गुडघ्याने बाहेर ढकलली की आवाज फुलतो, सोडली की खाली बसतो. बोटं स्वर दाखवतात एवढंच, स्वराला जीव पायांतून मिळतो. हे मला अण्णाने सांगितलं, आणि सांगताना मी मठ्ठ आहे हे गृहीत धरून सांगितलं, म्हणून ते माझ्या पक्कं लक्षात राहिलं.

आमचे वडील कचेरीत कारकून. मुलाने मॅट्रिक व्हावं, कचेरीत चिकटावं, आणि पुढे त्याच्या मुलाने मॅट्रिक व्हावं, ह्यापलीकडे त्यांच्या कल्पनेची धाव नव्हती. अण्णा मॅट्रिकला बसला नाही, नाटक मंडळीत जाऊन ऑर्गनसमोर बसला. वडिलांनी त्याचं नाव टाकलं. ते दिवस नाटक मंडळ्यांच्या भरभराटीचे, एकोणीसशे वीसच्या पुढचे. मंडळी कोल्हापूरला, बेळगावला, कुठे कुठे फिरायची आणि हा पावसाळ्यात एकदा घरी यायचा तो जरीकाठी उपरणं, केसांना सुवासिक तेल आणि गावातल्या प्रत्येक माणसाविषयी तुच्छता घेऊन. देवळातला भजनी म्हणे बेसूर, शाळेतली प्रार्थना बेसूर, आमच्या दारची म्हैससुद्धा बेसूर. म्हशीला उत्तर देता येत नव्हतं, पण मला येत होतं. मी सोळाव्या वर्षी कपाळ पुसून माहेरी परत आले, तेव्हा घरात कोणी माझ्या नजरेला नजर देत नव्हतं. हा मात्र आला तसा म्हणाला, “यमे, आता निदान शीक काहीतरी. नुसती बसून राहिलीस तर माझ्यासारखा माणूस कंटाळेल गो तुझ्याशी बोलायला.” मी ट्रेनिंग कॉलेजात गेले ती त्याच्या ह्या बोलण्यामुळे, हे मी त्याला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने चारचौघांत मिरवलं असतं.

मग बोलपट आले आणि मंडळ्या एकामागून एक बसल्या. अण्णाच्या मंडळीच्या मालकांनी पडदे विकले, मखमली पोशाख विकले. ऑर्गनला गिऱ्हाईक मिळेना, म्हणून तो अण्णालाच देऊन टाकला. वडील तोवर गेले होते. अण्णाची बायको तर लग्नानंतर दोनच वर्षांत गेली होती. तेव्हा मुंबईहून बोटीने, मग बंदरावरून बैलगाडीने तो ऑर्गन घरी आला आणि आमच्या माजघराची अर्धी जागा त्याने व्यापली. मी म्हटलं, ह्यापेक्षा म्हैस बरी, निदान दूध देते. तो म्हणाला, दूध तुझ्यासारखीला लागतं.

आता नानासाहेबांकडे वळते. आमच्या आळीच्या देवळाचा चैत्रात उत्सव असतो आणि उत्सवात गावकऱ्यांचं संगीत नाटक होतं. कोकणातल्या कुठल्या गावात होत नाही? पण आमच्याकडे त्याचे सर्वाधिकारी नानासाहेब वकील. नायकाचं काम कायम त्यांच्या पुतण्याकडे. पुतण्या मनोहरपंत मुंबईला कुठल्याशा कचेरीत नोकरीला, आणि उत्सवासाठी दरवर्षी बोटीने येई तो गळ्याला लोकरी मफलर गुंडाळून. चैत्रातल्या रत्नागिरीत मफलर. घामाच्या धारा लागलेल्या, पण गळा जपायचा. गळ्यात जपण्यासारखं काय होतं, हे अण्णाला आणि मला दोघांनाच ठाऊक होतं. मनोहरपंताचा आवाज मधल्या पट्टीत गोड होता, खोटं कशाला बोलू. पण वरच्या षड्जाला पोचायच्या आधी त्याचा दम हटकून संपायचा. नेमकं तेव्हा अण्णाचा उजवा गुडघा दांडीवर पडायचा, ऑर्गनचा षड्ज एकदम फुलायचा, आणि लोकांना वाटायचं मनोहरपंतानेच लावला. वन्स मोअर यायचा. मनोहरपंत छातीवर हात ठेवून लवायचा. असं दोन उत्सवांत झालं आणि त्या गड्याची खात्री पटली की तो षड्ज त्याचाच.

तिसऱ्या वर्षी उत्सवाच्या दिवशी ऑर्गन देवळात न्यायला मंडळी आमच्या दारात आली. उचलायला तिघे-चौघे आणि कसा उचलावा हे सांगायला उरलेली सगळी आळी. आमच्या दारच्या जांभ्याच्या पायऱ्या उतरताना नानासाहेब ‘डावीकडे, डावीकडे’ म्हणाले, मनोहरपंत ‘उजवीकडे’ म्हणाला, उचलणाऱ्यांनी दोघांचंही ऐकलं, आणि ऑर्गन हातांतून सुटला. तो पायरीवर आपटून फुटला असता. अण्णाने आपला पाय मध्ये घातला. लाकडाला ओरखडासुद्धा आला नाही. त्याची उजवी नडगी मोडली, तो आवाज मी स्वयंपाकघरात ऐकला.

लोकांनी त्याला बाजल्यावर घालून सरकारी दवाखान्यात नेलं. नानासाहेब बरोबर आले होते. डॉक्टर पायाला फळ्या बांधत होते तेव्हा त्यांनी अण्णाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “देवाची कृपा समजा दत्तोपंत. पायावर निभावलं. हात शाबूत राहिले!” अण्णा वेदनेने पांढराफटक पडलेला, पण हे ऐकून तो हसला. इतका हसला की डॉक्टरांनी मला विचारलं, ह्यांच्या डोक्याला काही लागलं आहे का. दोन वर्षं नानासाहेब त्याच्यापासून चार हातांवर, पुढच्या खुर्चीत बसत होते. ऑर्गन पायांनी वाजतो हे त्यांनी पाहिलेलं नव्हतं. आणि पुढच्या आठवड्यात जो भेटायला आला तो हेच म्हणून गेला. हात वाचले, नशीब. मी सगळ्यांना चहा करून दिला आणि माझ्या हातून कोणाच्या अंगावर सांडला नाही, ह्याचं मला अजून नवल वाटतं.

नाटक त्याच दिवशी झालं, बरं का. रद्द करण्याचा विचारही कोणाच्या मनाला शिवला नाही. भजनी मंडळातला पेटीवाला बसवला. त्या बिचाऱ्याने इमानदारीने जेवढं गायलं गेलं तेवढंच वाजवलं, म्हणजे वरचा षड्ज वाजवलाच नाही. मनोहरपंत अर्ध्या वाटेत लटकला. लोक खोकू लागले. दुसऱ्या दिवशी गावभर सांगण्यात आलं की दत्तोपंतांच्या अपघाताने त्याचं मन विदीर्ण झालं होतं.

पाय फळ्यांतून सुटायला पाऊस लागला. सुटला तो काठीसारखा बारीक, आणि किंचित आखूड. डॉक्टरांनी सांगितलं की चालता येईल, काठी घेऊन. अण्णाने विचारलं, दाबता येईल का? डॉक्टरांना कळेना काय दाबायचं. तेही नानासाहेबांच्याच पंथातले. घरी आल्यावर तो ऑर्गनसमोर बसला, डाव्या पायाने एकच पट्टी मारू लागला, आणि स्वर दर दोन क्षणांनी आचके देऊ लागला. मी माजघरात डाळ निवडत होते. त्याची पाठ माझ्याकडे होती. त्याने झाकण बंद केलं आणि तसाच बसून राहिला... अण्णाला असं हरलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. ऑर्गन वाजवता येत नसेल तर अण्णाजवळ दुसरं काहीच नव्हतं. बायको नाही, पोर नाही, नोकरी नाही, आणि जिभेमुळे मित्रही नाही. तो वाजवणं सोडेल तर महिन्याभरात भिंतीकडे तोंड करून पडून राहील, हे मला लख्ख दिसलं. मी सूप बाजूला ठेवलं, एक स्टूल ओढलं, त्याच्या उजव्या अंगाला बसले आणि उजवी पट्टी माझ्या पायाखाली घेतली.

थँक्यू वगैरे म्हणायची त्याची रीत नव्हती. दोन मिनिटांत तो म्हणाला, “यमे, वारा भरत्येस की चूल फुंकत्येस?”

असा तो पावसाळा गेला. मी शाळेतून यायचे, पाय धुवायचे आणि स्टुलावर बसायचे. बाहेर पागोळ्या, आत ह्याच्या शिव्या. मी फार जोरात दाबते, मी फार हळू दाबते, मी गाण्यात रमते. हे तिसरं त्याला सगळ्यात जास्त खटकायचं. तो स्वतः पद गुणगुणायचा, मी ऐकत राहायचे, आणि भाता रिकामा व्हायचा. एकदा त्याने हात थांबवले आणि नेहमीसारखं न खेकसता सांगितलं, “गाणं नको ऐकूस गो. श्वास ऐक. गाणाऱ्याचा दम सरायच्या आधी आपला वारा भरलेला हवा. तो पडल्यावर भरून काय उपयोग?” त्यानंतर मी श्वास ऐकायला शिकले. त्याने माझं गाणं ऐकणं कायमचं बिघडवलं. आता कोणीही गायला लागलं की मला फक्त दम ऐकू येतो. गणपतीपर्यंत आमचं जमलं. नवरात्रात येणारे-जाणारे ओसरीवर थांबून म्हणू लागले, वा, दत्तोपंतांचे हात पुन्हा चालू झाले.

माघात नानासाहेब आले. उत्सव जवळ आला होता आणि मनोहरपंताने मुंबईहून कळवलं होतं की ऑर्गन नसेल तर तो नायकाचं काम करणार नाही. नानासाहेबांनी हे अर्थातच वेगळ्या शब्दांत सांगितलं. गावाची इच्छा आहे, देवाची सेवा आहे, वगैरे. अण्णाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, येतो की. फक्त यमू माझ्या उजव्या बाजूला बसेल.

नानासाहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. हे गृहस्थ आमच्या शाळेच्या संमेलनाचे कायमचे अध्यक्ष. स्त्रियांनी पुढे आलं पाहिजे, ह्या विषयावर त्यांनी दरवर्षी माझ्या मुलींना उन्हात बसवून तास तास भाषणं दिलेली. ते माझ्याकडे न बघता म्हणाले की यमुनाबाईंबद्दल आपल्याला आदरच आहे, पण उत्सवाचं मंगल कार्य, समोर सगळा गाव, आणि... त्यांनी वाक्य तिथेच सोडलं. पुढचा शब्द ‘विधवा’ हा होता. त्याच नाटकात गावातले तीन बाप्ये दाढ्या घोटून, लुगडी नेसून, नाकात नथ अडकवून लाजत-मुरडत येणार होते आणि ते मंगलच होतं. मी माझ्या लुगड्यात खाली, अंधारात, ऑर्गनच्या कडेला पाय हलवत बसले असते तर देवाला विटाळ झाला असता. शेवटी वकिलाने तोड काढली. कोर्टात साहेबाचा पंखा ओढणारा एक पट्टेवाला त्यांच्या ओळखीचा होता. दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून तो दिवसभर पंखा ओढतो, तेव्हा त्याला वाऱ्याची आणि पायाची दोन्ही सवय आहे, त्याला बसवू. हे त्यांनी गंभीरपणे सांगितलं. अण्णा म्हणाला, “उत्तम. आणि गायला बेलिफाला बोलवा. त्याला ओरडायची सवय आहे.”

नानासाहेब रागावून गेले. मला वाटलं विषय मिटला. मी तर म्हटलंही, जाऊ दे, आपल्या माजघरात कोणाची अडकाठी आहे? पण दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर स्टूल कोपऱ्यात ठेवलेलं, आणि अण्णा दोन्ही पाय पट्ट्यांवर ठेवून बसलेला. उजवा पाय दर वेळी खाली जाताना त्याचा जबडा आवळत होता. तो म्हणाला, आजपासून तू बसायचं नाहीस, नानासाहेबांना ‘एकटाच वाजवीन’ असा निरोप धाडलाय. मी विचारलं, कोणासाठी एवढं? त्या वकिलासाठी? त्याने पट्ट्या मारणं चालूच ठेवलं. मी भांडले, अबोला धरला, डॉक्टरांची भीती घातली. डॉक्टर म्हणाले होते की त्या नडगीवर जोर टाकला तर सांधा पुन्हा उकलेल. पण अण्णाला दोन महिन्यांवर आलेला मंचासमोर बसायचा दिवस तेवढा दिसत होता, बाकी सगळं त्याच्या हिशेबी चिलटं. खुरडत खुरडत त्याने पाय तयार केला. त्या पायाला तेल मी चोळायचे, हे मात्र त्याला चालायचं.

उत्सवाला ऑर्गन नेताना ह्या खेपेस त्याने कोणाला तोंड उघडू दिलं नाही. काठी घेऊन पुढे उभा राहिला आणि फक्त हमालांशी बोलला. मी बायकांच्या बाजूला, बांबूच्या चिकाच्या पडद्याआड, खांबाला टेकून बसले. तिथून मला त्याची पाठ तेवढी दिसत होती. पहिली दोन पदं बरी गेली. तिसऱ्यापासून त्याचा उजवा खांदा वर जाऊ लागला, म्हणजे पाय जड झाला होता. मला कळत होतं, गावाला कळायचं कारण नव्हतं. मग मनोहरपंताचं ते पद आलं. मफलर सोडून, पुढे येऊन, हात पसरून त्याने सुरुवात केली, आणि मी त्याचा श्वास मोजू लागले. नेहमीच्या जागी त्याचा दम सरला. मनात म्हटलं, अण्णा, सोड. पडू दे त्याला. ज्यांनी तुला पंखेवाला देऊ केला त्यांना एकदा ऐकू दे, ह्याच्या गळ्यात काय आहे ते. पाय राखायला तुझ्याजवळ ह्याहून चांगलं कारण नाही...

ऑर्गनचा षड्ज फुलला. असा फुलला की सगळं देऊळ भरून गेलं, आणि तो तसाच राहिला, मनोहरपंताने तोंड मिटल्यावरही. टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. अण्णाची पाठ डाव्या बाजूला कलली होती. पडदा पडल्यावर त्याला बाकावरून उठता येईना, तेव्हा लोकांना वाटलं तो भारावून गेला आहे.

घरी आणल्यावर पाहिलं तर नडगी टम्म सुजलेली. डॉक्टरांनी सांगितलं, आता ह्या पायाने काही होणार नाही. ते गेल्यावर मी इतक्या महिन्यांचं सगळं ओकले. म्हटलं, त्या गाढवासाठी पाय घालवलास? अण्णा छताकडे बघत पडला होता. तसाच म्हणाला, “त्याचं काय घेऊन बसल्येस? त्याने लावलान नाही म्हणून काय तो स्वर तिथे नव्हता? रिकामा कसा टाकू गो?”

मला ते पटलं नाही. आजही पटत नाही. लायकी नसलेल्या माणसाला सावरण्यात काय मोठेपणा आहे, हे मला अण्णा शेवटपर्यंत समजावू शकला नाही. तो काही संत नव्हता. तोंडाने त्याच माणसाला तो जन्मभर ‘मफलर’ म्हणत राहिला.

उत्सवाला तो पुन्हा गेला नाही. नानासाहेबांनी त्याला शाल दिली, ती मी म्हशीच्या गोठ्यात टाकली. पण घरी मात्र पुढची चार-साडेचार वर्षं रोज संध्याकाळी ऑर्गन वाजला. बाकावर अर्धा तो, अर्धी मी. हात त्याचे, दोन्ही पाय माझे, आणि दांडीवरचा गुडघाही माझा. कधी फुलवायचं हे तो सांगत नसे. सांगावं लागलं तर त्या दिवशी मला शिव्या बसत. शेजारी येऊन ओसरीवर बसत, डोळे मिटून माना डोलवत, आणि उठताना अण्णाच्या हातांची तारीफ करून जात. एका शब्दाने त्यांची चूक दुरुस्त करावी असं अण्णाला कधी वाटलं नाही. मी एकदा बोलून दाखवलं, तर म्हणाला, त्यांना कळून काय उपयोग, त्यांच्यातला एक तरी पट्टी मारायला येणार आहे का? आणि मग, बऱ्याच वेळाने, जेवताना, ताटातून मान वर न करता म्हणाला की हल्ली तुझा वारा बरा असतो. अण्णाने आयुष्यात मला दिलेलं शाबासकीचं वाक्य ते एवढंच. त्या दिवशी आमटीत मीठ पडलं नव्हतं, त्याबद्दलही तो काही बोलला नाही.

गेल्या आठवड्यात देवळाच्या सभामंडपात शोकसभा झाली. नानासाहेब अध्यक्ष, आणखी कोण असणार? मी जाणार नव्हते, पण न जावं तर गाव म्हणणार की बहीण दुःखाने अंथरुणाला खिळली, आणि तेवढा मान मला त्यांना द्यायचा नव्हता. मला पहिल्या रांगेत खुर्ची दिली. मंचासमोर, उजव्या अंगाला. कोणाला काही विटाळ झालेला दिसला नाही. भाषणांवर भाषणं झाली. दत्तोपंतांच्या नावे देवळात ऑर्गन ठेवावा, असं नानासाहेबांनी सुचवलं, आणि ऑर्गन कोणाचा आहे हे विचारायची त्यांना गरज वाटली नाही. मी घरूनच ठरवून आले होते की ऑर्गन मिळणार नाही, तेव्हा मी नुसती बसून राहिले. अण्णाला काय काय म्हटलं गेलं! कलेचा पुजारी, रत्नागिरीचं भूषण. अण्णाने हे ऐकलं असतं तर त्याला पहिल्यांदा कोणता स्वर खोटा लागला ते त्याने मला कानात सांगितलं असतं.

शेवटी मनोहरपंत उठला. मुंबईहून मुद्दाम आला होता. आता केस पिकलेत, पोट सुटलंय, मफलर तोच. म्हणाला, दत्तोपंतांनी माझं जे पद अजरामर केलं तेच आज त्यांच्या चरणी वाहतो. साथीला काही नाही. नुसता गळा. त्याने सुरुवात केली, आणि मी मनाशी तयार झाले. आज ऐका म्हटलं. आज सगळे ऐका, ह्या गळ्यात काय आहे ते. इतकी वर्षं वाट पाहिली होती मी ह्या क्षणाची. मधली पट्टी गोड गेली, अजूनही गोड आहे. तो वर चढू लागला. दम सरत आला होता, मला स्पष्ट ऐकू येत होतं. आणि तेवढ्यात माझा उजवा गुडघा लुगड्याआड बाहेर सरकला. पाय एकापाठोपाठ एक खाली जाऊ लागले, नुसत्या फरशीवर, घाईघाईने, जोर लावून. मी खुर्चीचे हात घट्ट धरले, तरी ते थांबेनात. वर मनोहरपंत षड्जाच्या अलीकडे येऊन लडखडला आणि पडला. सभामंडपात कोणी खोकलं.

नानासाहेब माझ्याकडे झुकले. माझं सगळं अंग हलत होतं, ते त्यांना दिसलं असावं. हलक्या आवाजात म्हणाले, “सावरा यमुनाबाई, सावरा.” त्यांना वाटलं मी रडतेय.

मी वारा भरत होते... त्या गाढवासाठी.